घाटनांदूरची लेक उभी राहतेय

पुणे,
३ ऑक्टोबर

तीर्थरूप काकूंस,
संस्कृतीचा साष्टांग नमस्कार.

चौकातून जाताना एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. फ्लेक्सवरचा पुढारी नेहमी आपल्याकडेच बघत असतो. बसस्टँडाकडून या, तो तुमच्याकडे बघतो. कापडदुकानाकडून या, तरी तुमच्याकडेच. त्याच वेळी पलीकडच्या पानटपरीवरच्या माणसालाही वाटत असते की तो आपल्याकडेच बघतो आहे. दोन डोळ्यांनी साऱ्या चौकाकडे एकाच वेळी कसे बघता येते?

ही जादू नाही, फोटोच्या सपाटपणाचा परिणाम आहे. जिवंत माणसाच्या समोरून आपण बाजूला सरकलो की त्याचा एक कान दिसू लागतो, नाकाचा शेंडा दुसरीकडे वळतो, बुबुळाशेजारचे पांढरे कमी-जास्त होते. एवढ्या खुणांवरून आपण ताबडतोब ओळखतो की याची नजर आता आपल्यावर नाही. फ्लेक्सवर यातले काहीच घडत नाही. तुम्ही कितीही बाजूला जा, त्या चेहऱ्याचा लपलेला कान दिसणार नाही. चेहरा फक्त थोडा अरुंद दिसेल. म्हणून फोटो काढताना ज्याने थेट भिंगात बघितले, तो पुढे प्रत्येकाकडे बघतो. ज्याने भिंग चुकवले, तो कुणाकडेच बघत नाही. मॉडेलिंगमध्ये मी शिकलेला हा पहिला धडा.

हे आज लिहिण्याचे कारण असे की, काल आपल्या चौकात माझा फ्लेक्स लागला. अंबाजोगाईच्या हनुमानकडून छापून घेतला. ट्रॅक पँट, गुडघ्यापर्यंत सैल कुर्ता, हात कमरेवर, नजर थेट भिंगात. वर मोठ्या अक्षरांत आपल्या नव्या कपड्यांचे नाव 'उभी', आणि खाली एकच ओळ: 'घाटनांदूरची लेक उभी राहतेय.' स्वतःच्या पायावर उभी राहतेय, असे म्हणायचे होते. पण ओळ लांबली की धार जाते, म्हणून 'पायावर' काढून टाकले.

काकांनी दिलेल्या शेडमध्ये शिलाईयंत्रे येऊन पडली आहेत. गावातली योगिता बायकांना कापड बेतायला शिकवते आहे. पाडव्याला उद्घाटन करू. मैदानी चाचण्या हिवाळ्यात आहेत. त्याआधी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुलींच्या अंगावर हे कपडे पडले पाहिजेत. पहाटे अंबाजोगाईच्या रस्त्याला त्या कशा धावतात ते तुम्ही बघितलेच आहे: पंजाबी ड्रेस, कमरेला गाठ मारलेली ओढणी, आणि एक हात सतत ती गाठ सांभाळण्यात गुंतलेला.

तुमचा मोबाइल हल्ली तुमच्यापेक्षा काकांच्या कार्यकर्त्यांच्याच हातात असतो, म्हणून पत्र लिहिते. फ्लेक्स कसा दिसतो, ते सविस्तर कळवा. काका काय म्हणाले?

तुमची,
संस्कृती

*

घाटनांदूर,
८ ऑक्टोबर

चि. संस्कृतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळाले. नजरेचे शास्त्र समजले आणि पटलेही. आता त्या शास्त्राचा चौकात काय परिणाम झाला तो ऐक.

फ्लेक्स लागण्याच्या आदल्याच दिवशी जिल्हा परिषदेची सोडत निघाली आणि आपला गट महिलांसाठी राखीव झाला. तू पुण्यात असतेस, तुला कल्पना नसेल. इथे मात्र त्या रात्री कुणाच्या घरातली कोण, याखेरीज दुसरा विषय नव्हता. आणि सकाळी लोक चहाला येतात, तर समोर बारा फुटी संस्कृती. 'घाटनांदूरची लेक उभी राहतेय.'

उत्तरेश्वरच्या हॉटेलात झालेले बोलणे परमेश्वरने मला घरी येऊन जसेच्या तसे सांगितले. परमेश्वर म्हणजे तुझ्या काकांची गाडी चालवतो तो, कार्यकर्ताही तोच.

"संस्कृतीताई उभी ऱ्हायली म्हनं."

"कावून ऱ्हाऊ नये? सुटली की जागा."

"काल मी स्टँडाकून आलो, तर माझ्याकडंच बघायली. आज शाळंकून आलो, तरी माझ्याकडंच!"

"बे, तुझ्याकडं कोन बघतंय! मत मागायली ती."

शिवाय हनुमानने आपल्या मनाने एक भर घातली आहे, ती तुला ठाऊक नसावी. फ्लेक्सच्या तळाशी 'शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ, घाटनांदूर' अशी ठसठशीत पट्टी आहे. परमेश्वरने त्याला फोन करून विचारले, तर म्हणाला, "खाली रिकामं लई भकास दिसायलं, म्हनून मंडळ टाकलं. फुकटात टाकलंय, ताईला सांगा." त्याने आजवर शुभेच्छुकांवाचून एकही फ्लेक्स छापलेला नाही, त्याचा तरी काय दोष?

तेव्हापासून घरी माणसे येत आहेत. कुणी पेढे आणतात, कुणी नुसते बसून अंदाज घेतात. तुझे काका जेवताना एवढेच म्हणाले, "फोटो चांगला आलाय पोरीचा." 

एक अप्रिय गोष्ट कळवायची आहे. शेडला कुलूप लागले आहे. योगिता आणि बायका दोनदा येऊन परत गेल्या. तू काळजी करू नकोस. पण फ्लेक्स उतरव.

तुझी,
सत्यभामा काकू

*

पुणे,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र वाचून आधी हसले, आणि शेवटचा परिच्छेद वाचून हनुमानला फोन लावला. फ्लेक्स आजच उतरवायला सांगितला आहे.

"फोटो चांगला आलाय पोरीचा." काकांचा हा टोमणा मी चांगला ओळखते. ते रागावले की कमी बोलतात. त्यांच्या डोळ्यांसमोर तुमचे नाव असणार, आणि पुतणीच आडवी आली असे त्यांना वाटले असणार. कुलूप लावण्याआधी त्यांनी मला एक फोन केला असता, तर मी सारे समजावून सांगितले असते.

समजावून सांगायला अवघड काहीच नाही. कारण माझ्या साऱ्या कामाला सरळ क्रम आहे. इचलकरंजीला वस्त्रशास्त्र शिकले. मग पुण्यात निर्यातीच्या कपड्यांच्या कारखान्यात लागले. तिथे नवा नमुना आधी पुतळ्यावर चढवत. पुतळा वाकत नाही, बसत नाही, घामेजत नाही. त्यामुळे त्याच्या अंगावर प्रत्येक कपडा निर्दोषच असतो. मी तो नमुना स्वतः घालून उठाबशा काढू लागले. माझी मापे त्यांच्या मधल्या आकाराशी जुळणारी निघाली, म्हणून नमुने पारखण्याचे काम माझ्याकडे आले. अंग कमवावे लागले ते त्यासाठी. कमावलेले अंग बघून व्यायामाच्या साहित्याच्या जाहिराती आल्या, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा आल्या. तो स्टेजवरचा फोटो गावात पोचला तेव्हा सारे घर माझ्याशी अबोल झाले होते, आणि तुम्ही एकट्यांनी विचारले होते, "एवढ्या कमी कपड्यांत थंडी नाही का वाजत गं तिथं?" त्या प्रश्नाने मला केवढा धीर आला होता!

पुढे लक्षात आले की, कपडा विकणारे कपडा जाणतात आणि फोटो काढणारे फोटो जाणतात. दोन्ही जाणणारे कुणी नाही. म्हणून चित्रणाची कंपनी काढली. आणि आता, इतरांच्या कपड्यांच्या फिल्मा करून झाल्यावर, स्वतःचा कपडा. यात राजकारण येते कुठे?

हेच सगळे मी एका छोट्या व्हिडिओत सांगणार आहे. शांतपणे, क्रमाने. 'मी निवडणुकीला उभी राहणार नाही' हे वाक्य त्यात दोनदा येईल. एवढ्याने गैरसमज उरायला नको.

आणि काकू, यात तुमची फरफट होते आहे याचे मला वाईट वाटते. राखीव जागा सुटली की घरातल्या बाईचे नाव पुढे करायचे आणि कारभार आपण बघायचा, ही रीत मला ठाऊक आहे. तुम्हाला नको असेल तर मला सांगा. काकांशी मी बोलेन.

तुमची,
संस्कृती

*

घाटनांदूर,
२४ ऑक्टोबर

चि. संस्कृतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळी झाली. पाडवाही गेला. तुझा व्हिडिओ गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला आहे. प्रकाश सुंदर, उच्चार स्वच्छ, मांडणी क्रमवार. तुला शंभरपैकी शंभर गुण दिले असते. परिणाम मात्र उलटा झाला.

परमेश्वरचे म्हणणे असे: "काकू, ज्याला उभंच ऱ्हायचं न्हाई तो व्हिडिओ कशाला काढील? मला उभं ऱ्हायचं न्हाई, मी काढला का व्हिडिओ? दोनदा न्हाई म्हनली म्हंजी पक्कंच हाय."

आपल्याकडे उमेदवार आधी नाहीच म्हणतो, हे तू विसरलीस. लोकांनी आग्रह करायचा, त्याने नको नको म्हणायचे, मग लोकांच्या इच्छेपुढे मान तुकवायची, असा तो विधी आहे. त्यातली पहिली पायरी तू बिनचूक पार पाडलीस. आता मित्रमंडळ, जे हनुमानने कल्पनेने निर्माण केले होते, ते खरोखर स्थापन झाले आहे. उत्तरेश्वर त्याचा अध्यक्ष.

शेड अजून बंद आहे. भरतीच्या मुली कपड्यांची चौकशी करतात. योगिता त्यांना थोपवून धरते आहे.

यावर एक मार्ग सुचवला जात आहे. उमेदवारी अर्जावर सूचकाची सही लागते. तुझे नाव अजून इथल्याच मतदारयादीत आहे. माझ्या अर्जावर सूचक म्हणून तू सही केलीस, आणि त्या दिवशी माझ्या शेजारी दिसलीस, तर कुणाला शंकाच उरणार नाही. मग कुलपाचेही काही कारण उरणार नाही.

विचार कर आणि कळव. बोलण्यापेक्षा लिहिलेले बरे.

तुझी,
सत्यभामा काकू

*

पुणे,
२९ ऑक्टोबर

तीर्थरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्रावर पुष्कळ विचार केला. सही मला करता येणार नाही. कारणे नीट सांगते, म्हणजे त्यात तुमच्याविषयी अनादर नाही हे दिसेल.

आपल्या गावात कोणता कपडा कुणाच्या बाजूचा, हे लोक रंगावरूनही ठरवतात. मी तुमच्या अर्जावर सही केली की 'उभी' हा काकांच्या घराचा कपडा होईल. दुसऱ्या बाजूच्या घरातली मुलगी तो घालून धावणार नाही. तिने घालायचे ठरवले तरी तिचा बाप घालू देणार नाही. योगिताकडे शिकणाऱ्या बायकांत दोन्ही बाजूंच्या आहेत, आणि काही केशरबाईच्या मेंढपाळ वस्तीवरच्या आहेत, ज्यांना दोन्ही बाजू निवडणुकीपुरत्याच ओळखतात. त्या एका शेडमध्ये बसून शिवतात, हीच त्या शेडची किंमत आहे. शेड उघडण्यासाठी ती घालवायची असेल, तर उघडून उपयोग नाही.

म्हणून दुसरी व्यवस्था बघते आहे. अंबाजोगाईला एक जागा मिळण्यासारखी आहे. यंत्रे तिकडे हलवू. गावातल्या काही बायकांना रोज येणे-जाणे जमणार नाही, त्या गळतील. याचे दुःख आहे. पण काकांशी भांडण नको.

आणि पुन्हा एकदा विचारते. गेल्या पत्रात तुम्ही माझ्या प्रश्नाला उत्तर दिले नाही. ही लादलेली उमेदवारी तुम्ही निमूटपणे स्वीकारू नका. तुम्ही आयुष्यभर घरासाठी पुष्कळ सोसले. काकांना स्पष्ट सांगण्याचे धैर्य तुम्हाला होत नसेल, तर ते काम माझ्यावर सोपवा.

तुमची,
संस्कृती

*

घाटनांदूर,
४ नोव्हेंबर

चि. संस्कृतीस,
आशीर्वाद.

तुझी कारणे वाचली. शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचला. त्याचे उत्तर आता द्यायलाच हवे.

मी तुला लिहिले होते, 'शेडला कुलूप लागले आहे.' मग लिहिले, 'मार्ग सुचवला जात आहे.' आपली भाषा मोठी सोयीची. कर्ता गाळला तरी वाक्य उभे राहते, आणि वाचणारा आपल्या समजुतीप्रमाणे कर्ता घालून घेतो. तू दोन्हीकडे काकांना घातलेस. कुलूप मी लावले. मार्ग मी सुचवला. किल्ली माझ्या कमरेला आहे.

तुझ्या काकांना फोटो खरोखरच चांगला वाटला होता. त्यांनी हनुमानला फोन करून विचारलेही, "आमच्या मंडळीचा असाच निघंल का?"

उमेदवारी माझ्यावर कुणी लादलेली नाही. मी अंबाजोगाईला राज्यशास्त्र शिकत होते, तेव्हा माझे लग्न झाले. इथे आल्यावर टँकरचे अर्ज मी लिहिले, रस्त्याची निवेदने मी लिहिली. काकांनी पंचायत समितीत केलेल्या ज्या भाषणाला टाळ्या पडल्या, ते मी लिहिले होते. लोक पुढच्या दाराने त्यांच्याकडे यायचे आणि त्यांच्या बायका मागच्या दाराने माझ्याकडे. कामे बहुतेक मागच्या दारानेच व्हायची. सोडत निघाली त्या दिवशी मीच त्यांना म्हणाले, "मला उभं राहायचंय." ते म्हणाले, "ऱ्हा की. मला बी जरा दम खाऊ दे." इतक्या सहज. दिवाळीत सगळ्यांना घरी बोलावून मी स्वतः सांगणार होते.

आणि दुसऱ्या सकाळी चौकात तू.

बायका पेढे घेऊन आल्या. मला वाटले, मला द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, "काकू, पोरीला उभं केलंव, लई ब्येस केलंव. आता तुमचं काय फिरायचं वय हाय का?" मी त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर शेडकडे गेले आणि कुलूप घातले. तुला अद्दल घडावी म्हणून नव्हे. तिथून रोज तुझे नाव ऐकू यायचे, ते थांबावे म्हणून.

तू माझी कीव केलीस, म्हणून हे लिहिले. राग केला असतास तर कदाचित लिहिले नसते.

तुझी,
सत्यभामा काकू

*

पुणे,
९ नोव्हेंबर

तीर्थरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

मी लोकांना समजावण्यात स्वतःला तरबेज समजते. एवढे समजावले, आणि तुम्हाला काय हवे आहे हे मी विचारलेच नाही. तुम्हाला काय नको असेल, एवढेच विचारत राहिले. दोन्ही प्रश्न मला एकच वाटत होते.

तुम्ही उभ्या राहता आहात हे वाचून मला फार आनंद झाला. हे सौजन्य म्हणून लिहीत नाही. तुमची रस्त्याची निवेदने मी शाळेत असताना शुद्धलेखनासाठी उतरवून काढली आहेत. ती तुमची होती हे मला तेव्हाही कळत होते. मत द्यायला मी येणार, आणि तुम्हालाच देणार.

सही मात्र करणार नाही. ती कारणे तुमच्या पत्राने बदललेली नाहीत. तुम्ही माझ्या जागी असता तर याहून वेगळे काही केले नसते, असे मला वाटते.

मी मित्रमंडळाच्या उत्तरेश्वरशी बोलले. अर्ज भरण्याची मुदत संपेपर्यंत माझ्यावर त्याचा विश्वास बसणार नाही, हे त्याने प्रेमाने सांगितले. "तोवर मंडळ ऱ्हाऊ द्या ताई, पोरं खूश हायेत."

यंत्रे न्यायला टेम्पो येईल. एका सकाळपुरती किल्ली योगिताजवळ द्या, एवढीच विनंती.

तुमची,
संस्कृती

*

घाटनांदूर,
२० नोव्हेंबर

चि. संस्कृतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टेम्पो पाठवू नकोस. का, ते ऐक.

गेल्या आठवड्यात मी वस्तीवर गेले होते. केशरबाई शेळी पिळत बसली होती. मला बघून उठली नाही; शेळी निम्म्यात सोडता येत नाही. मी म्हणाले, "केशरबाई, उभी राहतेय. लक्ष असू द्या."

ती म्हणाली, "असू द्या की. पर एक इचारू का? शेडाला कुलूप तुमी घातलंव म्हन्त्यात."

मी हो म्हणाले. आता खोटे कशाला बोलायचे?

"मंग निवडून यायच्या आदीच कुलूप घातलंव, तर आल्यावर काय काय बंद करताव, तेवडं सांगा. म्हंजी आमी आदीच आवराआवर करून ठिवतो."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. परमेश्वर चिडला. "ए केशरबाई, कोनाशी बोलायलीस?"

ती शेळीवरची नजर न काढता म्हणाली, "तुज्याशी न्हाई बाबा. उमेदवाराशी बोलायले."

संस्कृती, इतक्या दिवसांत मला कुणी काकू म्हटले, कुणी मालकीणबाई, कुणी 'साहेबांच्या मंडळी'. उमेदवार म्हणणारी ती पहिली. आणि उमेदवार म्हटल्यावर जे विचारायचे, तेच तिने विचारले.  परत येताना गाडीत परमेश्वर तिला शिव्या घालत होता. मी त्याला शेडपाशी थांबायला सांगितले.

शेड मी उघडले. या वाक्यात कर्ता घातला आहे. किल्ली आता योगिताकडे राहील. तिने ती परत करायला आणली तर मी घेणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून यंत्रे सुरू झाली, आणि केशरबाईच्या मुलीचे माप सर्वांत आधी घेतले गेले. तुझ्या कपड्यावर कुणाचे नाव नको, माझेही नको, हे मला मान्य आहे. सूचकाच्या सहीसाठी मी केशरबाईला विचारले. ती म्हणाली, "इचार करून सांगते." अजून सांगितलेले नाही.

आता एक शंका. तू शास्त्र शिकलेली आहेस म्हणून विचारते.

परवा बाजारतळावर माझी पहिली सभा झाली. शब्द माझेच होते, एकाही वाक्याला अडखळले नाही. पण योगिताने तिचा व्हिडिओ दाखवला, तर मी दोन्ही कोपरे बरगड्यांना घट्ट चिकटवून बोलत होते. तुझे काका बोलताना हात पार डोक्यावर नेतात. मीही एका वाक्याला हात उचलला, आणि तो खांद्यापाशी येऊन थांबला. पुढे गेलाच नाही. बायका म्हणाल्या, पहिलीच वेळ, लाजल्या असाल. मलाही तसेच वाटते आहे. एवढी वर्षे आत राहिले. हात बाहेर यायला वेळ लागणार. पण अर्ज भरल्यावर मोठी सभा आहे. तोवर ही लाज जाईल का? तुम्ही फोटो काढणारे लोक माणसांची लाज कशी घालवता?

तुझी,
सत्यभामा काकू

*

पुणे,
२४ नोव्हेंबर

तीर्थरूप काकूंस,
साष्टांग नमस्कार.

शेड उघडल्याचे वाचले, तेव्हा मी एका चित्रणात होते. सगळ्यांना थांबवून तेवढा परिच्छेद मोठ्याने वाचला. केशरबाईचे बोलणे दोनदा वाचावे लागले.

आता तुमची शंका. योगिताने पाठवलेला व्हिडिओ मी आवाज बंद करून, पुन्हा पुन्हा थांबवून बघितला. तुमच्या चेहऱ्यावर लाज कुठेच नाही. डोळे लोकांवर आहेत, मान सरळ आहे, खांदे मोकळे आहेत. हात जिथे थांबतो, तिथे मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते. ब्लाउजची बाही दंडावर ताणली जाते आणि त्याच क्षणी ब्लाउजचा खालचा काठ वर सरकतो. तुमचा डावा हात लगेच पदर ओढायला कमरेकडे जातो, आणि उजवा खाली येतो. अडवणूक मनाची नाही, शिलाईची आहे.

ब्लाउजला बाही जिथे जोडतात त्या गोलाला आपण मुंढा म्हणतो. काखेत काचते अशी तक्रार आली की शिंपी मुंढा आणखी खाली कापतो. सगळ्यांना वाटते, गोल मोठा झाला की हात मोकळा होईल. घडते नेमके उलट. आपला हात फिरतो तो खांद्याच्या सांध्यातून, म्हणजे काखेच्या अगदी जवळून. मुंढाही काखेला लागूनच असेल, तर हात वर जाताना एकटी बाही वर जाते आणि बाकीचा ब्लाउज जागेवर राहतो. पण मुंढा बरगडीपर्यंत उतरलेला असेल, तर बाही बगलेच्या शिवणीला धरून सारा ब्लाउज वर ओढते. म्हणजे गोल जितका मोठा, तितका हात बांधलेला. कारखान्यात हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. रात्रीत तीन नमुने शिवून खात्री केली होती. बायका सभेत, फळ्यासमोर, बसच्या दांडीला धरताना हात आखडता घेतात, आणि आपण त्याला त्यांचा स्वभाव म्हणत आलो!

योगिताला मापे कळवली आहेत. मुंढा वर घ्यायचा, काखेत अंगाला लागून, आणि बाहीला थोडा घेर. रंग तुम्ही निवडा. मी सुचवणार नाही. हा ब्लाउज दुकानात मांडण्यासाठी नाही, तेव्हा त्याच्यावर कुठलेही नाव नसेल. मोठ्या सभेआधी तो तुमच्या हाती पडेल.

पण माझ्या सांगण्यावर विसंबू नका, स्वतः पडताळून बघा. रोजचा ब्लाउज घाला. पदर बाजूला करून आरशासमोर या आणि ब्लाउजचा खालचा काठ अंगावर कुठे टेकला आहे, ते बघून ठेवा. आता दोन्ही हात सावकाश सरळ वर न्या. हातांकडे बघू नका, काठाकडे बघा. तो जागेवर राहिला, तर शिंप्याने काम चोख केले आहे आणि माझे म्हणणे चूक. तो हातांच्या मागे वर चढला, तर तुमच्या हातात काहीही कमी नाही.

तुमची,
संस्कृती